अप्पांच्या नावाच्या गोळ्या

मला फिट येतात. हे वाक्य आमच्या घरात कधी कुणी पूर्ण म्हटलं नव्हतं. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणायची, "हिला जरा ते होतं." अप्पा तेवढंही म्हणायचे नाहीत. बारावीत असताना कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी पहिल्यांदा पडले. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली. घरच्यांनी सोमवारचा उपवास पुढे केला आणि पोरीला चक्कर आली म्हणून सांगून टाकलं. संध्याकाळी मोठ्या डॉक्टरांकडे नेलं, तेव्हा अव्वाने पहिला प्रश्न आजाराबद्दल विचारलाच नाही. ती म्हणाली, "डॉक्टर, चिठ्ठीवर पोरीचं नाव नको. ह्यांचं लिवा."

डॉक्टर भला माणूस. त्यांनी अप्पांचं नाव लिहिलं. तेव्हापासून आजार माझा आणि कागद अप्पांचे, अशी वाटणी झाली. आमच्याकडे मुलीच्या नावावर थोडंफार सोनं ठेवतात, जमीन ठेवत नाहीत, आणि आजार तर मुळीच ठेवत नाहीत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी औषधांचं चांगलं दुकान आहे. पण अप्पा आपलं भुसाराचं दुकान बंद करून, लुना काढून, थेट सोलापूरच्या पूर्व भागात जायचे. तिथे सगळी विणकरांची, तेलुगू बोलणारी वस्ती. आम्हाला तिथलं कुत्रंही ओळखत नव्हतं.

लग्नाचं म्हणाल तर सांगून कुणी करेना आणि लपवून मी करेना. अव्वा म्हणायची, लग्न झाल्यावर सांगू की. मी म्हणायचे, मग तूच नांदायला जा. असे काही वर्षं वाद झाले आणि पुढे स्थळंच यायची थांबली. मी एका शाळेत विज्ञान शिकवत राहिले. गोळ्या वेळेवर घेतल्या तर फिट येत नाही, हे मला कळलं होतं. गल्लीला तर माझ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, असं आम्ही समजत होतो.

मग आखातातल्या एका भारतीय शाळेत मला नोकरी लागली. मुलाखत कॉम्प्युटरवर झाली. त्यांनी मला आरशाचे नियम शिकवून दाखवायला लावले आणि मी अव्वाचा हळदीकुंकवाचा आरसा समोर धरून ते शिकवले. निवड झाली. घरात पेढे आले. आणि पाठोपाठ शाळेच्या ऑफिसचा मेल आला. चालू औषधं असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी पासपोर्टवरच्याच नावाने हवी, आजार काय आहे ते सांगणारं डॉक्टरांचं पत्र हवं, गोळ्या कंपनीच्या मूळ खोक्यात आणि पाकिटात हव्यात. माझ्या दोन गोळ्यांपैकी एक तिकडे निर्बंध असलेल्या औषधांत मोडते. तिची परवानगी विमानात बसण्याआधी घ्यायची, नाहीतर गोळ्या जप्त आणि वर चौकशी.

मला आधी हसूच आलं. नोकरी काही अप्पांना लागली नव्हती. कागदोपत्री मी ठणठणीत होते आणि आजारी माणूस सोलापुरातच राहणार होता.

अव्वाला मात्र यात अडचण दिसेना. "मी शेंगाच्या चटणीत घालून देते. चटणी कोण उघडून बघायलंय?"

"अव्वा, तिकडं चटणीपण उघडतात. आणि गोळ्या सापडल्या की माणसाला आत घालतात."

"मग ती गोळी बेडा. एकच घे."

बेडा म्हणजे नको. अव्वाला खरा राग आला की ती कन्नडवर जाते. मी म्हटलं, दोन्ही घेणार, आणि माझ्या नावाने घेणार. ती म्हणाली, "भाचीचं ठरत आलंय तुझ्या. आत्ताच कशाला दवंडी पिटायलीस?" बहिणीच्या मुलीचं स्थळ खरंच बोलण्यात होतं. पण आमच्या घरात नेहमीच कुणाचं ना कुणाचं ठरत आलेलं असतं. तेवढ्यासाठी थांबायचं तर मी स्मशानात जाईपर्यंत थांबले असते.

डॉक्टर आता म्हातारे झाले आहेत. मी समोर बसून सांगितलं, सर, आता माझी फाईल माझ्या नावाने करा. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे तुमचे अप्पा आज एकदम बरे झाले म्हणायचे." मग मात्र त्यांनी सगळं नीट केलं. डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख पुन्हा काढला, पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीवर माझं नाव बघताना मला वाटलं होतं रडू येईल. आला तो राग. एवढ्याशा नावासाठी एवढी वर्षं.

परवानगी आली. तीन महिन्यांच्या गोळ्या अप्पांनी नेहमीच्या दुकानातून आणल्या, या वेळी माझी चिठ्ठी दाखवून. सगळं बॅगेत भरलं. निघायच्या आदल्या आठवड्यात बॅग पुन्हा लावायला घेतली, तर खोकी गायब. अव्वाला विचारलं. तिने अगदी शांतपणे कपाटातून सुपारीचा मोठा डबा काढला आणि झाकण उघडलं. आत ओवा, बडीशेप आणि माझ्या सगळ्या गोळ्या. एकेक पाकीट फोडून तिने त्या मोकळ्या केल्या होत्या, आणि रिकामी पाकिटं चुलीत घातली होती.

"तिकडं खोलीत दुसऱ्या बाया असणार की," ती म्हणाली. "गोळीचं नाव वाचतील. आता कुणाला कळायचं न्हाई. विचारलं तर सांग, पोट साफ व्हायची गोळी हाय."

मी ओरडले. आईवर इतकं ओरडू नये असं म्हणतात, मी ओरडले. ती अख्खी दुपार माझ्यासाठी गोळ्या फोडत बसली होती, तिची बोटं दुखत होती, हे मला दिसत होतं. तरी ओरडले. माया होती म्हणून काय झालं? मायेने फोडलेल्या गोळ्याही तिकडे जप्तच झाल्या असत्या.

पूर्व भागातल्या दुकानात फोन केला. माल संपला होता, मागवायला वेळ लागणार होता. अप्पा म्हणाले, "पुण्याहून मागवू." मी चपला घातल्या आणि गल्लीच्या तोंडाशी गेले.

दिवेलागणीची वेळ, दुकानात ही गर्दी. फळीपाशी गल्लीतले एक काका टेकून उभे होते. या काकांचा आमच्याकडे मान मोठा. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा निघते, उंचच उंच नंदीध्वजांच्या काठ्या माणसं कमरेच्या पट्ट्यावर पेलून गावभर नेतात, त्यात आमच्या गल्लीतलं कोण कुठे हात लावणार हे काका ठरवायचे. मी चिठ्ठी पुढे केली आणि म्हटलं, फिटच्या गोळ्या द्या, तीन महिन्यांच्या, पाकिटं अजिबात कापू नका.

काका म्हणाले, "अप्पाच्या का गं? अजून चालूच हाय म्हणायचं त्याला."

"अप्पांना काय चालू आहे?"

"आता आमच्यापासनं काय लपवतीस? आमच्या पाव्हण्यानं पूर्व भागात चिठ्ठी बघितली हुती की त्याची. म्हणून तर काठी काढून घ्यावी लागली. मला लई वाईट वाटलं. पण एवढी जड काठी, हजार माणसं भवताली, मधीच फिट आली तर?"

अप्पा काठी पेलायचे ते मला आठवतं. पांढरी बाराबंदी, कपाळभर विभूती, आणि एका हाताने तोल सांभाळत चालणं. वर्षभर भुसाराच्या पोत्यांआड बसणारा हा माणूस त्या दिवशी ताठ दिसायचा. मग एका वर्षी त्यांनी ते सोडलं. आम्हाला सांगितलं, गुडघा दुखतो. पुढे प्रत्येक संक्रांतीला अव्वा त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत बसायची आणि ते चोळू द्यायचे.

दुकानदार गोळ्या मोजायचा थांबला. मी जरा मोठ्यानेच बोलले, शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचतो तो आवाज मला आहे.

"काका, फिट मला येतात. बारावीपासून. अप्पांना आयुष्यात कधी आली नाही. चिठ्ठीवर नाव त्यांचं होतं, आजार माझा. आणि मी रोज दोन गोळ्या घेते, तुमच्या नातवालाही मीच शिकवलंय."

एका बाईने पोराला उगाच जवळ ओढलं. मी तिच्याकडे बघून म्हटलं, लागत नाही हो ते. काका म्हणाले, "मग तवाच सांगायचं की." त्यांना खरंच वाईट वाटत होतं, पण त्यांचं ते ओझं मी माझ्याकडे ठेवून घ्यायला तयार नव्हते. मी पैसे दिले, खोकी तपासून घेतली आणि ती पिशवीत न घालता हातात धरून घरी आले.

अप्पा ओसरीवर पेपर वाचत बसले होते. मी विचारलं, "काठी का सोडलीत?"

"गुडघा."

"काका भेटले दुकानात."

त्यांनी पेपरची हळूहळू घडी घातली. "बरं मग?"

"मला का नाही सांगितलं? कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे करायला? मी मागितलं होतं का?"

"न्हाई मागितलंस."

"त्यांना खरं सांगता आलं असतं!"

"आलं असतं," अप्पा म्हणाले. "मग तू घरात बसली असतीस. पोरांच्या पुढं शाळेत उभं केलं असतं का तुला कुणी? काठी काय, धरणारे लई हायेत गावात. शिकवणारी माझी एकच हाय."

मी त्यांना नमस्कार वगैरे केला नाही. त्यांनी जे केलं त्याला त्याग म्हणून हार घालायला मी तयार नव्हते आणि आजही नाही. एका माणसाची काठी आणि एका बाईचं नाव, दोन्ही गिळून गल्ली तशीच राहिली होती. गल्लीला काहीच झळ लागली नव्हती, म्हणून मला संताप आला होता. मी तो अप्पांना सांगितलाही. ते ऐकत बसले आणि शेवटी म्हणाले, "जेवून घे."

भाचीचं ते स्थळ मागे फिरलं. कारण त्यांनी दिलं नाही, आम्हीही विचारलं नाही. अव्वा माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. भाचीचा मात्र फोन आला, "मावशी, बरं झालं गं. बोलताना तो सारखा स्वतःच्याच गाडीचं सांगायलेला." सुपारीच्या डब्यातल्या गोळ्या मी निघेपर्यंत संपवत राहिले. प्रत्येक गोळीला ओव्याचा वास यायचा.

तिकडच्या विमानतळावर काय झालं म्हणून लोक अजून विचारतात. काही झालं नाही. अधिकाऱ्याने खोकी बघितली, चिठ्ठी बघितली, पासपोर्टशी नाव ताडून बघितलं आणि जा म्हणून हात केला. माझी खरी तपासणी सोलापुरातच होऊन गेली होती.

विमान हैदराबादहून होतं. निघायच्या दिवशी हैदराबादच्या गाडीवर सोडायला बरीच माणसं आली होती. नातेवाईक होते, शाळेतल्या बाई होत्या, गल्लीतले चारजण होते, आणि मागे जरा अंतर ठेवून काकाही उभे होते. अव्वा माझी पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. गाडीने भोंगा दिला. अप्पा गर्दीतून वाट काढत पुढे आले. हा माणूस दुकानातही गिऱ्हाइकाशी खालच्या आवाजात बोलतो. ते सगळ्यांच्या मधोमध उभे राहिले आणि पलीकडच्या फलाटालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "फिटची गोळी घेतलीस का गं?"

अव्वाने क्षणभर इकडेतिकडे बघितलं. मग तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, टोपण उघडलं आणि माझ्यापुढे धरली.