झोपेत पाहिलेलं गोथेनबर्ग

स्वीडनमधलं गोथेनबर्ग शहर उल्काताईंनी मुख्यतः झोपेत पाहिलं. हे खरं असलं, तरी चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत परत आल्यावर, खाली संध्याकाळी जमणाऱ्या इतर आज्यांनी काय काय पाहिलंत म्हणून विचारलं, की त्या "छान आहे शहर, स्वच्छ आहे" एवढंच म्हणत. सिंगापुरात राहणारी बाई दुसऱ्या शहराचं कौतुक स्वच्छतेवरून करते, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय हे आज्यांनी ओळखायला हवं होतं. पण त्यांचं सगळं लक्ष घसरगुंडीवरच्या नातवंडांकडे होतं.

या आज्यांविषयी थोडं सांगायला हवं. सिंगापूरच्या मराठी घरांत मुलं लहान असली की आजी मागवतात. एकदा मुलीची आई, एकदा मुलाची आई, अशी पाळी लावून देतात. पाळी संपली की आजी पुण्याला किंवा ठाण्याला परत जाते, दात-डोळे दाखवून घेते, आणि पुन्हा बॅग भरते. उल्काताईंच्या बाबतीत ही व्यवस्था पहिल्याच वर्षी कोलमडली. त्यांच्या विहीणबाईंचे गुडघे नेमके तिकीट काढायच्या वेळी दुखू लागत आणि तिकीट उल्काताईंचं निघालं की कमी होत. कुणी कुणाला बोललं नाही. पाळी मात्र एकटीच्याच अंगावर पडली ती पडली.

त्या आल्या होत्या दोन महिन्यांसाठी. नवऱ्याला, निशिकांतरावांना, जाऊन वर्षही झालं नव्हतं. मुलगी अदिती बँकेत मोठ्या हुद्द्यावर, जावई धवल सॉफ्टवेअरमध्ये, आणि थोरली नात मैत्रेयी तेव्हा डायपरमध्ये. आता मैत्रेयी सहावीत आहे आणि तिला पीएसएलईची धास्ती आहे. तिथे प्राथमिक शाळेच्या शेवटी ही एक परीक्षा असते; ती द्यायची मुलाने, पण ताप सगळ्या घराला येतो. मैत्रेयीच्या पाठीवर जाई झाली, तिचंही सगळं उल्काताईंनीच केलं. हेल्पर ठेवायचं दोनदा ठरलं. दोन्ही वेळा उल्काताईंनीच मोडता घातला. परकी बाई कशाला घरात, मी आहे ना, असं त्या म्हणाल्या. पुण्यात टेलिफोन खात्यात नोकरी केलेली ही बाई, युनियनमध्ये साहेबांशी रजेसाठी भांडलेली. पण स्वतःच्या घरात रजा मागायची असते हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. "मी आहे ना" हे तीन शब्द तिला फार महागात पडले.

तर या वर्षी मुलगा रुचिर गोथेनबर्गहून म्हणाला, आई, आता माझ्याकडे ये. त्याचं बाळ दहा महिन्यांचं झालं होतं आणि आजीने ते फोनवरच पाहिलं होतं. अदितीने जूनची शाळेची सुट्टी तेवढी मोकळी करून दिली. तिने तसं उघड म्हटलं नाही, पण सुट्टी संपायच्या आत ये, असं विमानतळावर बॅग ढकलताना तीनदा बजावलं.

उल्काताईंनी कंबर कसली. डिंकाचे लाडू केले, वेखंड घेतलं, बाळगुटीची डबी घेतली, मालिशचं तेल गळू नये म्हणून पिशवीत पिशवी घालून बांधलं. आता तिथे जाऊन बाळाला न्हाऊमाखू घालायचं, सून स्मिता नुकतीच ऑफिसला जाऊ लागली होती तिला गरम जेवण द्यायचं, असा सगळा बेत विमानातच ठरला.

आणि तिथे पोचून पाहतात तो रुचिर घरी. नोकरी गेली की काय, हीच शंका त्यांना आधी आली. नोकरी शाबूत होती. तो रजेवर होता. तिकडे बाप मुलासाठी महिनोन्‌महिने पगारी रजा घेतो, आणि कुणी त्याला हसत नाही. रुचिर बाळाला आंघोळ घालत होता, बटाटा कुस्करून भरवत होता, बाळाचे कपडे वाळत घालत होता, आणि हे सगळं त्याला बऱ्यापैकी जमत होतं. उल्काताईंनी तेलाची बाटली बाहेर काढली, तर तो म्हणाला की इथल्या नर्सने सध्या काही लावू नका म्हणून सांगितलंय. स्वयंपाकघरात गेल्या, तर स्मिताने आठवड्याचं सगळं रविवारीच करून ठेवलेलं. लाडू तिने एक खाल्ला, छान झालाय म्हणाली, आणि डबा वरच्या फळीवर गेला.

"आई, तू काही करू नकोस," रुचिर म्हणाला. "शहर बघ. मजा कर."

त्याने ट्रॅमचा महिन्याचा पास हातात ठेवला. लेकाने इतक्या प्रेमाने दिलेला. पण उल्काताईंना झालेला अपमान झाकता झाकेना. घरात आपल्यावाचून काही अडत नाही, म्हणून आपल्याला बाहेर पाठवताहेत, असंच त्यांच्या मनाने घेतलं. पहिल्या दिवशी त्या रागानेच घराबाहेर पडल्या.

निळ्या-पांढऱ्या ट्रॅममध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. बाहेर विटांच्या इमारती, कालवा, झाडांखाली उन्हाला अंग देऊन पडलेली माणसं. ऊन कसलं ते, सिंगापुरात त्याला कुणी सावली म्हटलं असतं. पुढचं त्यांना आठवत नाही. ड्रायव्हर बाई खांद्याला हात लावून उठवत होती. ट्रॅम शेवटच्या थांब्यावर उभी होती, समोर चक्क समुद्र होता, आणि बेटांवर जाणाऱ्या होड्या लागल्या होत्या. उल्काताई ओशाळून उतरल्या, धक्क्यावर जरा उभ्या राहिल्या, आणि परतीच्या ट्रॅममध्ये पुन्हा झोपल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. आधी त्यांनी विमानप्रवासाला दोष दिला, मग रात्री न मावळणाऱ्या उजेडाला. दोन्ही कारणं आठवडाभर पुरली. दुसऱ्या आठवड्यात, वनस्पती उद्यानाच्या बाकावर मान कलंडलेल्या अवस्थेत जाग आली तेव्हा, आपण दमलोय हे त्यांच्या लक्षात आलं. आजचं हे दमणं नव्हतं. टेलिफोन खात्यातली तीस-पस्तीस वर्षं, नवऱ्याचं आजारपण, आणि त्यावर सिंगापूर. सगळी झोप कुठेतरी साठून राहिली होती, आणि करायला काही नाही म्हटल्यावर तिने त्यांना गाठलं होतं.

अधूनमधून जाग असे तेव्हा त्यांनी थोडं पाहिलंही. कालव्याकाठी उंच निमुळत्या छपराचं एक देऊळवजा घर दिसलं. चर्च असणार म्हणून बाहेरून भक्तिभावाने हात जोडले आणि आत गेल्या, तर काचेच्या कपाटांत बर्फावर मासे मांडलेले. तो मासळीबाजार होता आणि त्या दिवशी संकष्टी होती. नदीपार नेणारी फुकट बोट होती, तिच्यातून त्या तीनदा गेल्या-आल्या, कारण उभ्या उभ्या झोप लागत नाही.

कॅफेत जागा धरायची म्हणून त्यांनी सिंगापूरच्या सवयीने टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि कॉफीच्या रांगेत गेल्या. तिकडे हॉकर सेंटर नावाच्या खाऊगल्लीत असं पाकीट ठेवलं की ते टेबल तुमचं. मंत्रीसुद्धा तिथे बसायचा नाही. इथे कॅफेत काम करणाऱ्या मुलीने येऊन पाकीट कचरा समजून उचललं, टेबल पुसलं, आणि दोन पोरं येऊन बसली. भांडायचंही त्राण नव्हतं. उल्काताई कॉफी न घेताच बाहेर आल्या.

ती जुनी लाकडी घरांची वस्ती होती, फरसबंद गल्ली होती, आणि कॅफेच्या दाराशी एक बाबागाडी उभी होती. गाडीत बाळ होतं, झोपलेलं. आजूबाजूला कुणी नाही. उल्काताई थांबल्या. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. भर रस्त्यात बाळ टाकून आई गेली कुठे? त्या गाडीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. वारा आला तसं पांघरूण वर ओढलं. बाळ चुळबुळलं तशी गाडी हलवायला लागल्या. लोक जात-येत होते, कुणी विशेष पाहत नव्हतं. पाय दुखू लागले, कंबर भरून आली, पण बाळाला सोडून जाणार कसं? शहर बघायला निघालेल्या उल्काताई, कुणाच्या कोण त्या बाळाला जोजवत बराच वेळ तिथे उभ्या होत्या.

शेवटी कॅफेतून एक उंच बाई बाहेर आली. आपल्या गाडीवर परक्या बाईचा हात पाहून ती क्षणभर थबकली. उल्काताईंनी घाईघाईने इंग्रजीत सांगितलं, मी फक्त लक्ष ठेवत होते, एकटं होतं म्हणून. बाईने खिडकीकडे बोट दाखवलं. खिडकीला लागून तिचंच टेबल होतं. इथे बाळं बाहेरच्या हवेतच झोपतात, मी सगळा वेळ बघत होते, ती म्हणाली. मग तिने उल्काताईंकडे नीट पाहिलं.

"तुम्ही फार दमलेल्या दिसता," ती म्हणाली. "कुणी आहे का तुमच्याबरोबर?"

तिने आत जाऊन एक कॉफी आणि पसरट भल्यामोठ्या दालचिनीच्या पावाचा अर्धा तुकडा आणून दिला, आणि गाडी ढकलत निघून गेली. उल्काताई पायरीवर बसल्या. त्यांना रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आला तो राग. इतक्या वर्षांत हे वाक्य घरातल्या एकानेही म्हटलं नव्हतं, आणि ही रस्त्यावरची बाई एका नजरेत म्हणून मोकळी झाली. राग अदितीवर होता, धवलवर होता, विहीणबाईंच्या गुडघ्यांवर तर होताच. कॉफी संपेपर्यंत तो फिरून फिरून स्वतःवर आला. कुणी न सांगता कामाला धावतो आपण. परक्या बाळापाशीही उभे राहिलो. मग समोरच्याला आपलं दमणं दिसावं तरी कसं?

उरलेले दिवस त्या निर्लज्जपणे झोपल्या. ट्रॅममध्ये, बागेत, रुचिरच्या सोफ्यावर भर दुपारी. आणि त्या महिन्यात त्यांनी मनाशी एक ठरवलं. आता सिंगापूर पुरे. पुण्याला कर्वेनगरात दोन खोल्या आहेत, शेजारच्या नीताबाई अधूनमधून दार उघडून हवा देतात. तिथे जायचं. ठरवणं सोपं होतं. अदितीला सांगायचं कसं, या विचाराने मात्र परतीच्या विमानात डोळ्याला डोळा लागला नाही.

सिंगापुरात उतरल्या आणि दुसऱ्या सकाळपासून डबे सुरू झाले. मैत्रेयीने फोटो मागितले. फोटो पाचच होते, त्यातले दोन रुचिरने काढलेले आणि दोन्हींत आजी झोपलेली. "आज्जी, यू वेन्ट सो फार टु स्लीप अ?" ती म्हणाली आणि पुस्तकाकडे वळली. सांगू उद्या, सांगू रविवारी, असं करत उल्काताईंनी जुलै काढला, ऑगस्ट काढला. बोलायला तोंड उघडलं की कुणाला तरी काहीतरी हवं असे.

शेवटी विषय अदितीनेच काढला. रविवारी सकाळी उल्काताई थालीपिठं लावत होत्या, ती कॉफीचा मग घेऊन ओट्याला टेकून उभी राहिली. आईचा व्हिजिट पास संपत आला होता, तो वाढवायला हवा होता. जानेवारीत जाईची पहिली सुरू होणार. "आता एवढी जाईची पीएसएलई झाली ना, की तू सुटलीस बघ," अदिती अगदी लाडाने म्हणाली.

म्हणजे अजून सहा वर्षं. उल्काताईंनी तव्यावरचं थालीपीठ काढलं, गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसल्या.

"अदिती, पास नको वाढवूस. मी पुण्याला जाते."

अदितीला आधी ते कळलंच नाही. दिवाळीसाठी का, म्हणाली. मग तिला वाटलं, रुचिरने काहीतरी भरवलंय. त्याच्याकडे जायचंय का तुला, असं तिने जरा तिखटपणे विचारलं. उल्काताई म्हणाल्या, त्याच्याकडे माझं काही काम नाही. मग अदितीचा आवाज चढला. आम्ही काही कमी केलं का, मी तुला कधी एक काम तरी सांगितलं का, असं ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. तिने कधीच काही सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच उल्काताईंनी येऊ दिली नव्हती.

"तुझं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या. "मी दमलेय. मैत्रेयीची परीक्षा झाली की जाईन."

अदितीने कॉफीचा मग खाली ठेवला. बँकेत मोठमोठ्यांना गप्प करणारी पोर, पण आता तिचे ओठ थरथरत होते, आणि ते पाहून उल्काताईंना सगळं मागे घ्यावंसं वाटलं. शब्द तोंडाशी आलेही होते. तेच जुने तीन शब्द. त्यांनी ते गिळले.

"पण आई, तिथे कोण आहे तुझं?" अदितीने विचारलं.

"कोणी नाही," उल्काताई म्हणाल्या. "म्हणूनच."

आतून जाईने आज्जी, आज्जी म्हणून हाक मारली, आणि उठायला म्हणून उल्काताईंचा हात सवयीने टेबलाच्या कडेवर गेला. अदितीने त्या हातावर आपला हात दाबून ठेवला, डोळे पुसले आणि ती स्वतः आत गेली.