बंद पाकिटातली शिफारस

सरांनी ‘ब्रिलियंट’ या शब्दावर लाल रेघ ओढली. वर लिहिलं, ‘ओबीडियंट’. आज्ञाधारक.

मजकूर माझाच होता. आमच्या कॉलेजात रीतच तशी. शिफारसपत्र विद्यार्थ्यानं लिहून आणायचं, शिक्षकानं सही करायची. एम.ए.च्या प्रवेशासाठी परराज्यातल्या विद्यापीठाला दोन पत्रं हवी होती. बंद पाकिटात, पोस्टानं. आमच्या विषयाला शिक्षकही दोनच. मॅडमचं पत्र आधीच गेलं होतं. सरांचं त्या दिवशी शिरूरच्या पोस्टातून निघालं नाही, तर अर्ज बाद.

म्हणून तर मी वरवंडहून एसटी बदलत शिरूरला सरांच्या घरी आले होते. ओसरीवर पाहुणे. तळणीचा खमंग, जड वास. सरांच्या पत्नींनी मला पायरीवरच थांबवलं. “आलीच हायस तर अंगण झाडून घे गं. सरांना अजून वेळ हाय.”

मी झाडलं. ओठांवर धुळीची खारट चव. पाठीवर पाहुण्यांच्या नजरा, उन्हापेक्षा तापलेल्या.

माझ्याच वर्गातला एक बागायतदाराचा मुलगाही पत्रासाठी आला होता. त्याला खुर्ची मिळाली. चहा मिळाला. ‘ब्रिलियंट’ त्यानंही लिहिलं होतं. सरांनी त्याखाली न वाचताच सही केली.

मी विचारलं, “सर, कॉलेजात पहिली मी आले. मग माझाच शब्द का बदलला?”

सर हसले. “अगं, तुमच्यातल्या पोरी सांगितलेलं ऐकतात, हीच तुमची खरी शिफारस. जा, नीट टाइप करून आण. लगेच सही करतो.”

“कोट्यात लागतोयच की नंबर!” एक पाहुणा म्हणाला. ओसरी खदखदली.

तुमच्यातल्या. किती मऊ आवाजात म्हणाले.

टायपिंगच्या दुकानात गरम कागदाचा, शाईचा वास कोंडला होता. पडद्यावर माझा शब्द उजळ उभा होता. तो मीच पुसायचा होता. माझ्याच बोटांनी. आईला फोन लावला. ती हायवेलगतच्या वखारीत कांदे निवडत होती.

“एका शब्दानं काय व्हतंय?” ती म्हणाली. “सही घे आन् टाक पोष्टात. आयुष्यभर ऐकूनच घेतलंय की आपुन.”

मी कीबोर्डवरून बोटं उचलली. आयुष्यभर. आपण.

मी मजकूर होता तसा छापून घेतला आणि परत गेले. सरांनी कागद पाहिला. “बदललं नाहीस?”

“नाही, सर.”

“मग सही नाही. दुसरं कोण देणार तुला पत्र?”

“कुणी नाही दिलं तरी चालेल. खोट्या शब्दाखालची सही मला नको.”

मी पायऱ्या उतरले, पोस्टावरून पुढे गेले आणि थेट एसटीत बसले.

आई म्हणाली, “वरीस घालवलंस.” तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. अर्ज बाद झाला. वर्ष खरोखरच गेलं.

यंदा पुन्हा अर्ज करते आहे. मजकूर लिहून नेणार नाही. ज्यानं मला तीन वर्षं शिकवलं, त्यानं माझ्याविषयी स्वतः विचार करावा, स्वतः लिहावं. जे लिहील ते माझ्यासमोर वाचून दाखवावं. ज्याला हे जमणार नाही, त्याची सही मी मागणार नाही. अर्ज पुन्हा बाद झाला, तरी.