रूपाताईचं स्लो गाणं

रूपाला मी पहिल्यांदा ऐकलं ते देवगाव रंगारीच्या भीमजयंतीत. आमचा लग्नाकार्यांत गाणारा ऑर्केस्ट्रा होता. सुदर्शन कीबोर्ड वाजवायचा, मी निवेदन करायचो. दोन वर्षांनी तिनं सुदर्शनशी लग्न केलं आणि ती आमची मुख्य गायिका झाली.

तिचं नाव झालं ते एका सिनेमातल्या गाण्यावर. मूळ गाणं उडत्या चालीचं, वरातीत नाचायचं. रूपानं ढोलकी, ऑक्टोपॅड सगळं बंद करायला लावलं आणि ते निम्म्या लयीत म्हटलं. शब्द तेच, पण ऐकताना वाटायचं, ही बाई कुणाला तरी कायमची सोडून चाललीय. शहागंजातल्या एका व्यापाऱ्यानं पोरीच्या लग्नात ते तीनदा गायला लावलं. पुढं लोक 'रूपाताईचं स्लो गाणं' असंच मागायला लागले.

मग तिच्या गळ्याला गाठ आली. ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, पण आवाजाची नस दुखावली. बोलायला गेली की नुसती हवा बाहेर पडायची. महिन्यानं तपासणीला गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आवाज जाऊ शकतो, हे तुमच्या मिस्टरांना आधीच सांगितलं होतं."

त्या दिवशी मी त्यांच्या घरीच होतो.

"तुम्हाला ठाऊक व्हतं?" ती कुजबुजली.

"व्हय," सुदर्शन म्हणाला. "कॅन्सर असला तर काय, म्हणून भ्यालो. सांगितलं असतं तर तू तयार झाली नसतीस."

"नसतेच झाले."



लग्नांच्या तारखा घेतलेल्या होत्या. सुदर्शनकडं तिचं रेकॉर्डिंग होतं. त्यानं त्यातून आवाज वेगळा काढला आणि निशा नावाची कॉलेजातली मुलगी आणली. निशा स्टेजवर ओठ हलवायची. खाली लॅपटॉपपाशी रूपा बसायची आणि कुठं थांबायचं, कुठं श्वास घ्यायचा, ते तिला हातानं दाखवायची. मी माइकवर म्हणायचो, "आता ऐकू या, निशाच्या आवाजात."

रूपानं मला एकदाच विचारलं, "माझं नाव नाय घेता येत का?"

"ताई, मग लोकांना कळंल," मी म्हणालो. ते आजही मला टोचतं.

चिकलठाण्याच्या एका लॉनवर भर दुपारी गाण्याच्या मध्येच लॅपटॉप बंद पडला. रूपा घाबरून बटणं दाबत राहिली. निशा क्षणभर थांबली आणि स्वतःच गायला लागली, हुबेहूब रूपासारखी. वर्षभर ओठ हलवून तिला सगळं पाठ झालं होतं. टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या. कुणालाही फरक कळला नाही.

खाली येऊन निशा रूपाच्या पाया पडली. "तुमचंच हाय, ताई," ती मनापासून म्हणाली. रूपानं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

टेम्पोत सामान चढवताना सुदर्शन म्हणाला, "पुढच्या वेळी लॅपटॉप नको."

त्यानंतर रूपा कार्यक्रमाला आली नाही.

आता ती औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. मशीनच्या आवाजात तिथल्या सगळ्याच बाया खुणांनी बोलतात, त्यामुळं तिथं बरं वाटतं, असं ती मला म्हणाली. घरी सुदर्शनला हाक मारायची असली की ती ओट्यावर चमचा वाजवते. त्याच्या कानांवर हेडफोन असला तर त्याला ऐकू जात नाही. मग ती हात पुसते, आत जाते आणि त्याच्या खांद्याला हात लावते.