टाचेची सुई

चिकलठाण्याच्या कंपनीत मी रोज लोखंड कापतो, पण त्या सकाळी मला एक सुई बघवणार नव्हती. सिझेरियननंतर बायको अजून गुंगीत होती आणि साखर तपासायला आमच्या काही तासांच्या मुलीच्या टाचेतून रक्त घ्यायचं होतं. मी हळूच दाराकडं सरकलो.

"कुठं चालले दादा? शर्ट काढा," सिस्टर म्हणाल्या.

पन्नाशीच्या असतील. बांगड्या वाजू नयेत म्हणून त्यांनी मनगटावर रुमाल गुंडाळला होता. लंगोटातलं बाळ त्यांनी माझ्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, वरून शाल पांघरली आणि ती इवलीशी टाच मुठीत धरून ऊब देत बसल्या. त्यांना कसलीच घाई नव्हती. खिडकीतलं कोवळं ऊन सरकत राहिलं. मला वाटलं, मी आणि माझी लेक एकाच पाण्यावर तरंगतोय.

"आई नाय तर बाप. लेकराला ठोके ऐकू आले की दुखणं लांब ऱ्हातं."

सुई कधी टोचली, मला कळलंच नाही. बाळ एकदा कुरकुरलं आणि परत झोपलं.

दीड महिन्यानं दुसऱ्याच दवाखान्यात लसीसाठी आमचा नंबर आला. कुणी काही सांगायच्या आधीच मी शर्टाची बटणं सोडायला लागलो होतो.