दाजींनी स्वतःच्याच गाडीची खोड काढली

आमचे दाजी नळाची कामं करतात. हातात कसब भरपूर, तोंडाला मात्र झाकण नाही. त्यांचा बाप गुरांच्या बाजारातला दलाल. त्याच्या मागं फिरून दाजी एकच विद्या शिकले: भाव पाडायचा तर जनावराची खोड काढायची. पुढं बूट घेताना, घर भाड्यानं घेताना तेच. ताईला पहिल्यांदा भेटले तेव्हाही "जरा उंचच आहात" म्हणाले. ताई म्हणाली, "मग स्टूल आणून देऊ का?" दोघांचं तिथंच जमलं.

ताईची बदली दुसऱ्या राज्यात झाली, तसे दाजी हत्यारं, पाईप आणि भांडीकुंडी गाडीत कोंबून निघाले. सामान उतरवायला मीही गेलो. तिथल्या एका ठेकेदारानं काम द्यायचं कबूल केलं, पण म्हणाला, "सोमवारी सकाळी गाडीचा या राज्यातला विमा दाखवा. नाहीतर माझ्याकडं दुसरा माणूस तयार आहे." जुन्या राज्यातला विमा त्याला चालत नव्हता. शुक्रवारी आम्ही तिघं विम्याच्या कचेरीत जाऊन बसलो.

टेबलामागं एक बाई, चष्मा कपाळावर चढवलेला.

"गाडी कशी आहे?"

झालं! दाजींच्या अंगात बाप संचारला. "गाडी कसली बाई, डबडं आहे नुसतं. ब्रेक दाबला की विचारबिचार करून थांबते. डावं दार रुसलं तर उघडत नाही, आणि खुशीत आलं तर वळणावर आपणहून उघडतं."

ताईनं टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. दाजींना वाटलं, शाबासकी. त्यांना आणखी चेव आला.

"स्टिअरिंग एकीकडं, गाडी भलतीकडं! असल्या खटाऱ्याचा विमा तो कितीसा असणार? अर्ध्यात द्या."

बाई शांतपणे टाइप करत होती. "ब्रेक उशिरा लागतो... दार चालू गाडीत उघडतं..."

"लिहा, लिहा," दाजी खूश.

"लिहिलं. या गाडीचा विमा होणार नाही. आधी तपासणी."

दाजींचं तोंड पाणी गेलेल्या नळासारखं झालं. नुसतीच हवा येत होती. मग एकदम सुटले, "अहो, ती बोलायची पद्धत असते! गाडी म्हणजे लोणी आहे. ब्रेक असा लागतो की शेजारचा माणूस काचेला चिकटतो!"

"हेही लिहू?"

"तुम्ही गप्प बसा बघू," ताई म्हणाली. "बाई, गाडी जुनी आहे. ब्रेक नुकतेच नवे घातलेत. दार जड आहे, पण आपणहून काही उघडत नाही. यांचं मनावर घेऊ नका, हे भाजीवालीशीही असंच बोलतात."

"वापर? घरगुती?"

"घरगुतीच," दाजी झटक्यात म्हणाले. घरगुती स्वस्त पडतो, हे त्यांनी बाहेर भिंतीवर वाचलं होतं.

"घरात एवढे पाईप कशाला लागतात हो?" ताई त्यांच्याकडं न बघताच बोलली. "बाई, गाडी कामाला नेतात. मागची सीट काढून सामान भरतात."

बाईनं चष्मा डोळ्यांवर घेतला. "बरं झालं बोललात. घरगुती घेतला असता आणि सामानासकट कुठं धडकला असतात, तर दमडी मिळाली नसती. तुम्हाला धंद्याचा विमा पाहिजे. थोडा महाग आहे, पण उपयोगी पडेल."

दाजींनी 'महाग'वर तोंड उघडलं. ताईनं त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी मिटलं.

तपासणीला एक जाडजूड माणूस आला. मागच्या आवारात त्यानं गाडी जोरात पळवली आणि करकचून ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली. पाईप मात्र थांबले नाहीत. एक लांबलचक पाईप मागून सरकत आला आणि त्याच्या कानाला चाटून समोरच्या काचेवर टक्कन आपटला. काच वाचली. दाजींनी ओठ दातांखाली असे धरले होते, की आता रक्त येतंय असं वाटलं.

माणूस कान चोळत उतरला. दार दोनदा उघडून लावून बघितलं.

"ब्रेक चांगले आहेत," तो म्हणाला. "पाईप तेवढे बांधत जा."

दाजींनी नुसती मान हलवली. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं.

संध्याकाळी विम्याचे कागद हातात पडले. सोमवारी ठेकेदारानं ते उलटसुलट करून पाहिले आणि दाजींना थेट एका खानावळीच्या तुंबलेल्या गटारावर धाडलं. रात्री घरी आले, तर ताईनं त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलंच नाही. बाहेर बादली ठेवली, साबण फेकला आणि दार लावून घेतलं.