जखमी हरणीच्या मागावर

मंडळी, मी पक्का शाकाहारी, पण आज शिकारीला गेलो होतो. तासाभरापूर्वी परतलोय आणि कुणाशी तरी बोलायलाच हवंय.

टॉम हे आमचे इथले, आयर्लंडमधल्या कासलबार गावातले शेजारी, वय बहात्तर. हरणांच्या शिकारीचा हंगाम संपत आलाय. दरवर्षी त्यांची बायको नोरा सोबत जायची. ती ऑक्टोबरमध्ये वारली, म्हणून यंदा मी गेलो.

टॉमनी यंदा नेहमीची जागा सोडली होती, त्यामुळे डोंगर आम्हा दोघांनाही नवा होता. बरेच दिवस पाऊस नाही. पायाखाली वाळका पाला कुरकुरायचा आणि हरणं आधीच पळायची.

दुपारी एक हरणी दिसली. टॉमनी गोळी झाडली, पण ती पडली नाही. लंगडत झाडीत शिरली.

"तिला अशी सोडून घरी जायचं नाही," टॉम म्हणाले.

कोरड्या पाल्यावर रक्ताचे थेंब शोधत आम्ही तीन तास फिरलो. सापडली तेव्हा ती जिवंत होती. टॉमनी जवळून दुसरी गोळी घातली आणि ते तिथेच तिच्याशेजारी बसले.

"नोरानं यंदा मला बंदूक उचलूच दिली नसती. माझा हात थरथरतो, हे तिला ठाऊक होतं."

मी डॉक्टर आहे. ती थरथर मलाही महिनाभर दिसत होती. नुकतीच बायको गेलेल्या माणसाला आणखी काय दुखवायचं, म्हणून गप्प राहिलो.

जवळच्या माणसाला 'आता हे थांबवा' असं तुम्ही कधी सांगितलंय का? कसं सांगितलंत?