आहेराच्या साडीला फॉल

जाफराबादच्या बसस्टँडसमोर साड्यांना फॉल लावणारी ती बाई मान वर न करता दातानं दोरा तोडायची. नातीच्या लग्नात पन्नास आहेराच्या साड्या घ्यायच्या की त्या पैशात तिला स्कूटी, हे आमच्या घरचं भांडण मी तिला सांगितलं. मी अर्थातच साड्यांच्या बाजूनं. पोराच्या लग्नात विहिणीनं हलकी साडी दिली म्हणून ताटावरून उठलेली, भारी बदलून घेतलेली शहाणी ना मी!

"आज्जी, वीस वर्षं इथं बसून राह्यले," ती म्हणाली. "आहेराची साडी फॉलला एकबी आली न्हाई."

मी हबकलेच. घरी येऊन कपाट उपसलं. मला आलेल्या एकतीस साड्या निघाल्या, फॉल एकीलाही नाही. सगळ्यात खाली ती भांडून घेतलेली भारी साडी, दुकानातल्याच घडीत.

नातीला हाक मारली, "स्कूटीचा रंग सांग गं!"